फुकट ॲपचा मालक पैसे कुठून काढतो? धंदा ऑनलाइन नेण्याआधी एवढं समजून घ्या



मुलुंडच्या बॅचला एक ताई येतात. घरून दिवाळी फराळ, गणपतीत उकडीचे मोदक, संक्रांतीला तिळाच्या वड्या असा त्यांचा धंदा. चव अशी की एकदा डबा नेला तो माणूस परत येतोच. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी एका मोठ्या सोशल मीडिया ॲपवर पेज काढलं. सुरुवातीला चकलीचा फोटो टाकला की तीनशे-चारशे लोक बघायचे, रात्रीपर्यंत पाच-सहा ऑर्डर्स. यंदा तोच कॅमेरा, तीच चकली, आणि बघणारे पस्तीस. वर प्रत्येक पोस्टखाली एक निळं बटण: पैसे भरा, आणखी लोकांपर्यंत पोहोचा.

ताई मला म्हणाल्या, "सर, कुणीतरी माझ्या पेजची तक्रार केली असणार. आमच्या सोसायटीतच एक जण आहे, तिनेपण फराळ सुरू केलाय."

मी म्हटलं, ताई, त्या बिचारीला कशाला दोष देता? तिच्या पोस्टलाही तीसच लोक असतील. तुमच्यावर कुणी करणी केलेली नाही. तुम्ही ज्याच्या ओट्यावर बसून धंदा करत होता, त्या दुकानदाराने आता ओट्याचं भाडं मागायला सुरुवात केली आहे. एवढंच झालंय.

त्या पटकन म्हणाल्या, "पण ते तर फुकट होतं ना?"

आजचा धडा या एका प्रश्नावर आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. थोडं लांब आहे, चहा घेऊन बसा.

दारात पडणारा फुकट पेपर आठवतो?

इंटरनेटच्या आधीच्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण ही युक्ती काही मोबाइलवाल्यांनी शोधलेली नाही. आपल्या उपनगरात स्थानिक साप्ताहिकं निघायची. शनिवार-रविवारी दाराच्या फटीतून आत सरकवलेली असायची. बिल नाही, वर्गणी नाही. वॉर्डातल्या पाण्याची बातमी, नगरसेवकाचा फोटो, आणि बाकी पानभर काय? दहावी-बारावीचे क्लासेस, साड्यांचा सेल, दंतवैद्य, फर्निचर, वन बीएचके. पेपर वाचणाऱ्याला फुकट होता, पण छापणाऱ्याला कागद फुकट मिळत नव्हता. त्याचे पैसे क्लासवाले आणि साडीवाले भरत होते. आणि ते भरत होते म्हणूनच त्या पेपरात "या क्लासला जाऊ नका, शिकवणं रद्दी आहे" अशी बातमी तुम्ही कधी वाचली नाही.

इथे तीन माणसं आहेत, ती नीट ओळखून ठेवा. एक वापरणारा, तो पैसे देत नाही. दुसरा पैसे भरणारा. आणि तिसरा मधला, जो पहिल्याची गर्दी जमवतो आणि दुसऱ्याला विकतो. कुठलंही फुकट ॲप उघडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातला पैसे भरणारा कोण? कारण मधला माणूस शेवटी ज्याच्याकडून पैसे येतात त्याचंच ऐकतो. हा काही त्याचा दुष्टपणा नाही, तुम्हीपण तेच करता. मोठी ऑर्डर देणाऱ्या कॅटररचा फोन आधी उचलता की नाही?

मालाडची गोष्ट

याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण लिंक रोडवरच आहे. जस्टडायल. व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू केलेली कंपनी, मुख्य कार्यालय मालाडला. सगळे आठच आठ असलेला तो नंबर जुन्या लोकांना पाठ असेल. रात्री पाइप फुटला, प्लंबर पाहिजे. फोन करा, पलीकडची मुलगी गोड बोलून तीन-चार नंबर सांगणार. विचारणाऱ्याला एक रुपया लागायचा नाही. पुढे वेबसाइट आली, ॲप आलं, २०१३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, आणि २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने तिचा ताबा घेतला.

आता बघा, प्लंबर शोधणाऱ्याकडून शून्य रुपये घेणारी कंपनी शेअर बाजारापर्यंत पोहोचली कशी? प्लंबरमुळे! साधी नोंद फुकट, पण यादीत वर दिसायचं असेल तर वर्षाचे पैसे भरा. म्हणजे बोरिवलीत "एसी दुरुस्ती" शोधणाऱ्याला जी यादी दिसते, ती बोरिवलीतल्या चांगल्या मेकॅनिकची यादी असेलच असं नाही. वरची नावं पैसे भरणाऱ्यांची असतात. यात फसवणूक नाही, हे त्यांचं उघड धंद्याचं गणित आहे. पण यादी बघणाऱ्याला हे माहीत नसतं आणि नोंद करणाऱ्यालाही बऱ्याचदा नीट कळलेलं नसतं. अशा कुठल्याही सेवेत पैसे भरण्याआधी विक्रीला आलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारा: "एका गिऱ्हाइकाची चौकशी तुम्ही किती जणांना पाठवता?" एकच चौकशी पाच-सहा जणांकडे जाणार असेल तर तुम्ही गिऱ्हाईक विकत घेत नाही आहात, शर्यतीचं तिकीट घेत आहात. त्यात पहिला फोन करणारा किंवा सगळ्यात कमी भाव सांगणारा जिंकतो. तुमचं काम उत्तम पण भाव जरा जास्त असेल, तर ही शर्यत तुमच्यासाठी नाहीच.

मोठ्यांचा गल्ला

हेच गणित जगभर पसरवलं की गूगल आणि मेटा तयार होतात. मेटा म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी. २०२४ मध्ये मेटाचं उत्पन्न साधारण १६४ अब्ज डॉलर होतं, आणि त्यातले १६० अब्ज जाहिरातींचे. शंभर रुपयांतले जवळजवळ अठ्ठ्याण्णव! गूगलची मालक कंपनी अल्फाबेट, तिचं त्याच वर्षीचं उत्पन्न ३५० अब्ज डॉलर, त्यातला तीन चतुर्थांश भाग जाहिरातींचा. आपण "टेक कंपन्या" म्हणतो, पण गल्ला उघडून बघितला तर या जाहिरातीच्या फळ्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर होर्डिंग असतं ना, तसंच. फरक एवढाच की हे होर्डिंग बघणाऱ्या प्रत्येकाला वेगळं दिसतं आणि बघणारा कोण, काय शोधत होता, कुठे राहतो हे त्याला माहीत असतं.

एक मजेदार गोष्ट सांगतो. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन विद्यार्थी होते तेव्हा, १९९८ मध्ये, त्यांनी आपल्या सर्च इंजिनवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन आपोआप जाहिरातदाराच्या बाजूला झुकेल आणि वापरणाऱ्यापासून लांब जाईल. दोन वर्षांनी, २००० मध्ये, गूगलने जाहिराती विकायला सुरुवात केली. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. मशिनचं बिल आलं, पगार द्यायचे होते, गुंतवणूकदार विचारत होते. धंद्यात उतरल्यावर कॉलेजातली तत्त्वं कशी वाकतात हे आपल्यालाही माहीत आहे.

फुकटची किंमत नक्की किती, हे एकदा कंपनीने स्वतःच सांगितलं. युरोपातल्या कायद्यांमुळे मेटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे जाहिरातीविना फेसबुक-इन्स्टाग्राम वापरण्याचा पर्याय दिला. भाव काय लावला? कॉम्प्युटरवरून महिन्याला जवळजवळ दहा युरो, मोबाइल ॲपमधून घेतलं तर तेरा. म्हणजे आपल्या हिशेबाने महिना हजाराच्या आसपास! जे आपण "फुकट" म्हणतो त्यावर तिकडे अशी किमतीची चिठ्ठी लागली. भारतात आपल्यामागे त्यांना इतके पैसे मिळत नाहीत, कारण इथला जाहिरातीचा भाव कमी आहे. पण चिठ्ठी आहे, आणि आपल्या वाटची रक्कम तुमच्या-माझ्यासारखा जाहिरातदार भरतो.

आधी दाणे, मग पिंजरा?

बॅचमध्ये कुणीतरी असं म्हणालं होतं. मला ते पूर्ण पटत नाही, कारण दाणे खरेच असतात आणि पोटही भरतं. पण क्रम मात्र जवळपास प्रत्येक वेळी सारखा दिसतो, म्हणून काही उदाहरणं बघू.

स्टेशनवरचं वायफाय. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीने मुंबई सेंट्रलला फुकट वायफाय सुरू केलं. तिथून ते वाढत वाढत दोन-अडीच वर्षांत देशभर चारशे स्टेशनांवर गेलं. आपल्या पोरांनी प्लॅटफॉर्मवर बसून सिनेमे डाउनलोड केले, काहींनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही केला. गूगलचा यात फायदा काय? जितके जास्त लोक इंटरनेटवर, तितके जास्त लोक गूगलवर. पुढे मोबाइल डेटाच इतका स्वस्त झाला की लोक तसेही इंटरनेटवर यायला लागले. मग २०२० मध्ये गूगलने सांगितलं, आम्ही हा कार्यक्रम बंद करतोय. वायफाय गेलं नाही, रेलटेलने ते चालू ठेवलं, पण २०२१ मध्ये रोजची पहिली तीस मिनिटं फुकट आणि पुढे पैसे असा प्लॅन आला. लक्षात घ्या, सेवा वाईट होती म्हणून गूगल गेलं नाही. कारण संपलं म्हणून गेलं. ज्या कारणासाठी एखादी वस्तू फुकट दिली जाते ते कारण संपलं की ती वस्तूही संपते.

आणि डेटा स्वस्त कुणामुळे झाला? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात आलं. आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. सिमसाठी लागलेल्या रांगा आठवत असतील. त्यानंतर ९९ रुपयांची मेंबरशिप, मग प्लॅन, आणि आता दर काही काळाने भाववाढ. डिसेंबर २०२१ ला झाली, जुलै २०२४ ला झाली. दोन्ही वेळा दुसऱ्या मोठ्या खाजगी कंपन्यांनीही वाढवले. तरी आपण सोडलं का? कसं सोडणार, सगळा धंदाच मोबाइलवर आलाय.

झोमॅटोचं बघा. २००८ मध्ये फूडीबे नावाने सुरू झाली तेव्हा ती फक्त हॉटेलांची मेन्यूकार्डं वेबसाइटवर टाकत होती. खाणाऱ्याला फुकट, हॉटेलवाल्यालाही चांगलं. मग हॉटेलांकडून जाहिराती, मग डिलिव्हरी आणि प्रत्येक ऑर्डरवर कमिशन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सवलतींच्या योजनांना कंटाळून देशभरातल्या हॉटेलवाल्यांनी "लॉगआउट" मोहीम काढली होती. २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने झोमॅटो-स्विगीची चौकशी लावली. आणि २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या बिलातही "प्लॅटफॉर्म फी" आली, सुरुवातीला फक्त दोन रुपये. त्या दोन रुपयांवर कोण भांडणार? नंतर ती वाढत गेली.

आता आपल्या मुलुंडच्या ताईंसारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. फेसबुकने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उघडपणे जाहीर केलं होतं की धंद्याच्या पेजवरच्या नुसत्या "विकत घ्या" छापाच्या पोस्ट जानेवारी २०१५ पासून लोकांना कमी दिसतील. त्यांचं कारणही खोटं नव्हतं. लोकांना खरंच सारख्या जाहिराती बघायचा कंटाळा येतो. पण पैसे भरलेली जाहिरात मात्र दिसणार होती! मित्रांनो, ही बातमी दहा वर्षांहून जुनी आहे, आणि आजही माझ्याकडे दर बॅचला निदान चार जण तरी "पेज काढलं की गिऱ्हाईक येईल" असं समजून येतात.

अजून एक. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून दोन मिनिटांत एक पानाची फुकट वेबसाइट बनायची. देशभरातल्या छोट्या दुकानांनी ती बनवली, व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला, काहींनी टेम्पोवर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. काही महिने जुना पत्ता टाकला की प्रोफाइलवर नेलं जायचं, जूनमध्ये तेही थांबलं. टेम्पोवरचा रंग अजून तसाच असेल.

व्हॉट्सॲप, कारण आपला सगळा धंदा तिथेच आहे

यावर जरा थांबू. अंधेरीच्या टेलरपासून घाटकोपरच्या फरसाणवाल्यापर्यंत सगळे ऑर्डर्स व्हॉट्सॲपवर घेतात. जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं. त्यांना जाहिरातींचा तिटकारा होता. काही देशांत वर्षाला एक डॉलर घ्यायचे, बस्स. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी साधारण १९ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. त्या वेळच्या भावाने एक लाख कोटी रुपयांच्या वर, आणि कंपनीत माणसं जेमतेम पन्नास-पंचावन्न! २०१६ मध्ये तो एक डॉलरही बंद केला. सगळे खूश झाले. मला तेव्हाच प्रश्न पडला होता: लाख कोटी देऊन घेतलेल्या दुकानाचं शटर उघडून "या, सगळं फुकट" असं कोण म्हणतं?

उत्तर हळूहळू आलं. जानेवारी २०१८ मध्ये छोट्या धंद्यांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आलं, तेही फुकट, आणि खरंच कामाचं आहे. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांसाठी वेगळी पैसेवाली सोय आली. बँकेचा, एअरलाइनचा किंवा सेलचा जो मेसेज तुम्हाला येतो, त्याचे त्या कंपन्या पैसे भरतात. मग जाहिरातीवर टिचकी मारली की थेट व्हॉट्सॲप चॅट उघडतं, त्या जाहिरातीचे पैसे. आणि जून २०२५ मध्ये स्टेटस असतं त्या टॅबमध्ये जाहिराती आणायचं जाहीर झालं. मधल्या काळात दोन्ही संस्थापक बाहेर पडले. ब्रायन ॲक्टनने तर २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर सिग्नल चालवणाऱ्या संस्थेला दिले. सिग्नल म्हणजे देणग्यांवर चालणारं, जाहिराती नसलेलं मेसेजिंग ॲप.

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नवं प्रायव्हसी धोरण आणलं तेव्हाची घबराट आठवते? तुमचे मेसेज कंपनी वाचत नाही, ते बंद पाकिटासारखे असतात, तो मुद्दा नव्हता. मुद्दा होता पाकिटावरच्या माहितीचा: कोणत्या धंद्याशी तुम्ही बोलता वगैरे, आणि ती मेटाच्या दुसऱ्या कंपन्यांना देण्याचा. "मान्य करा, नाहीतर सोडा" असं ते धोरण होतं. भारताच्या स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ ला याच मुद्द्यावर मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड लावला. मेटा त्याविरुद्ध अपिलात गेली. आयोगाचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर: सगळं गाव ज्या चौकात जमतं तिथे "अटी मान्य नसतील तर येऊ नका" हे बोलणं खरा पर्याय देणं नव्हे.

मग यूपीआय?

हा प्रश्न बोरिवलीच्या एका भाजीवाल्या काकांनी विचारला होता, आणि फार चांगला प्रश्न आहे. यूपीआय ॲपच्या नावाने ओळखलं जातं, पण रस्ता ॲपवाल्यांचा नाही. तो एनपीसीआय या संस्थेने बांधला, २०१६ मध्ये. १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचंच नाही असं ठरवलं. खर्चाचा काही भाग सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम म्हणून देतं. म्हणजे हे फुकट धोरणामुळे आहे, कंपनीच्या मर्जीने नाही. धोरण बदललं तर हेही बदलेल, तेवढं ध्यानात ठेवा.

पण ॲप कंपन्या मग कशावर जगतात? "पैसे प्राप्त झाले" म्हणून ओरडणारा तो डबा बघा. त्याचं दर महिन्याला भाडं जातं. दुकानदारांना दिलेल्या कर्जांवर कमिशन मिळतं. आणि तुमच्या रोजच्या गल्ल्याचा हिशेब त्यांच्याकडे आहे, म्हणून कर्ज कुणाला द्यायचं हेही कळतं. ते कर्ज वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण "तुम्हाला दोन लाख मंजूर" असा मेसेज आला की हुरळून जाऊ नका. व्याजाचा वार्षिक दर विचारा, रोजचा हप्ता किती कापणार ते विचारा, आणि आधी आपल्या पतपेढीत किंवा बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा.

ताईंचा हिशेब

परत मुलुंडला येऊ. ताईंनी विचारलं, "मग मी ते निळं बटण दाबू की नको?" आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील.

फराळाचा डबा ९०० रुपये. सामान, गॅस, मदतनीस बाईचे पैसे, पॅकिंग जाऊन हातात २७० उरतात. जाहिरातीला २,००० रुपये घातले. टिचकीमागे १० रुपये धरा, तर २०० लोक आले. त्यातल्या दहा जणांनी भाव विचारला, चौघांनी डबा घेतला. म्हणजे एक गिऱ्हाईक पडलं ५०० रुपयांना! नफा २७०, म्हणजे डब्यामागे २३० रुपये खिशातून. चार डब्यांचे मिळून ९२० गेले. इथे ताईंनी खडू खाली ठेवला.

मी म्हटलं, थांबा, अजून संपलं नाही. त्या चौघांपैकी दोघांना चव आवडली. ते गणपतीत मोदक, संक्रांतीला वड्या आणि पुढच्या दिवाळीला परत फराळ असं तीनदा आले, दर वेळी २७० धरले, तर १,६२० झाले. ९२० वजा जाता ७०० रुपये उरले. म्हणजे जाहिरात परवडली. पण एका अटीवर: ते दोघे परत येताना त्यांच्यापर्यंत पोहोचायला तुम्हाला पुन्हा पैसे भरावे लागता कामा नयेत. त्यांचा नंबर तुमच्याकडे हवा. पेजवर नुसतं "फॉलो" करून गेले असतील, तर पुढच्या गणपतीत त्यांना मोदक दाखवायला परत निळं बटण दाबावं लागेल. ॲपवाल्याचा सगळा नफा या एका गोष्टीत आहे, आणि तुमचाही.

ताईंकडे चार वर्षांत किती डबे गेले? त्यांनी अंदाजाने सांगितलं, साताठशे. नंबर किती लिहून ठेवलेत? एकही नाही. सगळं चॅटमध्ये, आणि जुना फोन मागच्या पावसाळ्यात भिजला.

त्या संध्याकाळी आम्ही एक साधी वही घातली. तारीख, नाव, सोसायटी, नंबर, काय घेतलं, तिखट कमी-जास्त. आणि शेवटचा रकाना: सणाला मेसेज केला तर चालेल का? हो किंवा नाही. हा रकाना गाळू नका. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, आणि कायदा सोडा, न विचारता मेसेज करणाऱ्याला लोक ब्लॉक करतात. महिन्यातून एकदा वहीचा फोटो काढा, दुसरी प्रत घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा.

बाकी फुकट गोष्टी जरूर वापरा, मी वापरू नका म्हणत नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद आजही फुकट आहे आणि जवळचं गिऱ्हाईक आणायला तिच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. "गूगलमधून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पाच हजार भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या; गूगल त्या नोंदीचे पैसे घेत नाही. कार्डावर, पिशवीवर, बोर्डवर मात्र स्वतःचं नाव असलेला वेबसाइटचा पत्ता छापा. वर्षाला साधारण हजारभर रुपयांत तो मिळतो. आज तो पत्ता तुमच्या फेसबुक पेजवर न्या, उद्या दुसरीकडे न्या. टेम्पो परत रंगवावा लागत नाही.

माझाही गल्ला बघा

एवढं सगळं सांगितल्यावर तुम्ही मला विचारायला हवं: सर, तुमचे व्हिडिओ पण फुकटच आहेत, तुमचं काय? रास्त प्रश्न. व्हिडिओआधी जी जाहिरात लागते तिच्या पैशातला ५५ टक्के वाटा यूट्यूब मला देतं. तो फार नाही, त्यात कॅमेरावाल्याचा खर्च जेमतेम निघतो. माझं घर चालतं ते पैसे भरून येणाऱ्या बॅचवर. म्हणजे फुकट व्हिडिओ हा माझा चकलीचा नमुना आहे. त्यामुळे मी व्हिडिओत कधी कधी अर्धं सांगून "बाकी बॅचमध्ये" म्हणतो ते का, हे आता तुम्हाला कळलं असेल. मलाही निळं बटण आहेच.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत आपण जाहिरातीचे २,००० रुपये नक्की कुठे आणि कसे घालायचे ते बघणार आहोत. त्याआधी एक काम करून या. मागच्या तीन महिन्यांतली तुमची शेवटची वीस गिऱ्हाइकं कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे ते कुठून आलं ते लिहा: ओळखीतून, नकाशावरून, ॲपवरून, की दारावरून जाताना. ताईंनी लिहिलं तेव्हा वीसपैकी तेरा ओळखीतून निघाले, आणि त्यातल्या दोघी त्यांच्याच सोसायटीतल्या होत्या. त्यांपैकी एक, दुसरी फराळवाली. तिच्याकडे करंज्या कमी पडल्या होत्या.